मऊ शेंड्याची गोळी

जव्हारच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि त्यातली अकरा वर्षं बंदूक परवान्यांच्या टेबलावर काढली. बंदूकवाला माणूस कसा असतो ते मला विचारा. खांद्याला बंदूक लागली की माणसाची चाल बदलते, आवाज चढतो आणि कारकुनाशी बोलताना 'अहो'चं 'अरे' होतं. मीही काही कमी तापट नाही. दोघातिघांना मी टेबलापासून दारापर्यंत पोचवून आलेलो आहे. पण सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचा नवसूबाबा परवान्याच्या नूतनीकरणाला आला, की मी स्वतः उठून पंखा त्याच्याकडे वळवायचो.

तो लगेच आत यायचा नाही. पायरीखाली उभा राहून बंदुकीची नळी बिजागरीशी मोडून उघडायचा, आभाळाकडे धरून तिच्यातून आरपार बघायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्यात ती लहान मूल गुंडाळावं तशी गुंडाळून मगच पायरी चढायचा. नळी रिकामी आहे हे त्याला घरी माहीत असायचं, एसटीत माहीत असायचं, तरी पायरीशी पुन्हा बघायचाच. आत आल्यावर खुर्ची दिली तरी बाकावर बसायचा आणि बंदुकीचं तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे करायचा. मला 'भाऊसाहेब' म्हणायचा आणि पुढचं सगळं अरे-तुरेत. त्याच्या बोलीत मोठ्या-धाकट्याला एकच 'तू' चालतो. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी खवळलो असतो. त्याच्या तोंडून ते गोड लागायचं.

त्याच्यावर लिहायचं फार दिवस मनात होतं, पण हात चालत नव्हता, कारण त्याची धाकटी बहीण भागी जिवंत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरीही. गेल्या उन्हाळ्यात तीही गेली. नवसूबाबाला तिला एक गोष्ट सांगायची होती. पन्नास-पंचावन्न वर्षं त्यानं ती पोटात ठेवली, कारण सांगितली तर बहिणीचं काय होईल याची त्याला धास्ती होती. मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचं त्याच्या अवतीभवतीचं.

काडतुसांतलं त्याला जेवढं कळायचं तेवढं मोखाडा-जव्हार पट्ट्यात कोणाला कळत नसावं. परवाना शेतीच्या राखणीचा, एका नळीची बंदूक, पण दहा गावचे परवानेवाले त्याला विचारायला यायचे, कुठलं काडतूस घेऊ? उत्तर सरळ कधी मिळायचं नाही. आधी तो तीन प्रश्न विचारायचा. जनावर कुठलं, किती लांब, आणि त्याच्या मागं काय हाय. तिसऱ्या प्रश्नावर तो सगळ्यात जास्त वेळ घालवायचा.

एकदा माझ्याच टेबलापुढे एक खडी-मशीनवाला उभा होता. नवी कोरी दोन नळ्यांची बंदूक, मनगटात कडं, बोलणं अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं. सगळ्यात पॉवरफुल काडतूस कुठलं, असं तो मला विचारत होता. मला काय कळतंय त्यातलं! मी बाकाकडे बोट दाखवलं. नवसूबाबानं त्याला विचारलं, काय मारायचाय. डुक्कर, म्हणाला. किती लांबनं. असेल वीस-पंचवीस पावलं. मागं काय हाय? तो म्हणाला, डुकराच्या मागं शेपूट! अख्खी कचेरी हसली, मीही हसलो. नवसूबाबा उठला, त्याला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेला. बाहेर चहाच्या टपरीशी एक कुत्रं पसरलं होतं. तो डुक्कर हाय असं समज, म्हणाला, मागं काय? टपरी. टपरीच्या मागं? भिंत. भिंतीच्या मागं? ते मला काय माहीत, असं तो कडंवाला वैतागून म्हणाला. मग तू काहीच भरू नको, असं सांगून नवसूबाबा बाकावर येऊन बसला. त्या भिंतीमागं बालवाडी होती. खडीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी दोन दिवस ही गोष्ट ज्याला-त्याला सांगत सुटलो होतो. तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती.

निवृत्त झाल्यावर माझ्यावरच ती पाळी आली. पोशेऱ्याला आमची वडिलोपार्जित उताराची जमीन आहे, थोडं भात, थोडी नागली. वडील गेल्यावर त्यांची बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली. डुकरांनी नागली उलथीपालथी करायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की अकरा वर्षं ज्या वस्तूचे कागद मी रंगवले ती भरायची कशानं ते मला ठाऊक नाही. गेलो नवसूबाबाकडे.

त्याचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पुढे ओटा. अंगणापलीकडे वीस पावलांवर बहिणीचं घर. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, त्यामुळे त्याची भाकरी बहिणीच्या चुलीवर व्हायची. त्यानं सूप आणलं आणि त्यात तीन काडतुसं मांडली. एकेक उचलून कानाशी हलवायचा, तोंडाशी नेऊन वास घ्यायचा. पहिल्यात बाजरीएवढे छर्रे, ते पाखरांना. दुसऱ्यात टपोऱ्या हरभऱ्याएवढे सहा दाणे. तिसऱ्यात गावठी बोराएवढी एकच गोळी, तिला सगळे बॉल म्हणतात. मग माझी उलटतपासणी झाली. शेत उताराचं का? उताराच्या खाली काय? मी म्हटलं, चार घरं आहेत, पण लांब आहेत. लांब म्हणजे तुझ्या पायाला लांब, म्हणाला, गोळीला नाय. बॉल बाद झाला. हरभरे पसरतात, तेही बाद. बाजरीनं डुक्कर मरत नाही, नुसतं चवताळतं आणि दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या बाईला धरतं.

"मग भरू काय? कापूस?" मी तडकून विचारलं.

"तेच तं सांगतोय," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो स्वतः तेच करत होता. काडतुसातले छर्रे काढून टाकायचे आणि नुसता आवाज करायचा. पिकाच्या दिवसांत लोक बोलवायला यायचे. तिन्हीसांजेला बांधावर जाऊन तो एक बार काढायचा आणि परत यायचा. डुकरं दोन दिवस फिरकायची नाहीत, तिसऱ्या दिवशी हजर. पाड्यात त्याची टिंगल चालायची की बाबाचा डुक्कर आवाजानंच मरतो. ज्यांची नागली गेली ते टिंगल करत नसत, तोंडावर घाबरट म्हणत. तरुणपणी याच माणसानं पानावरचा दव बघून सांबर कधी गेलं ते सांगितलं होतं, असं म्हातारे सांगायचे. तो ऐकून घ्यायचा. मला त्याचा रागच यायचा. मी म्हणायचो, अहो, एवढं कळतं तुम्हाला, एक डुक्कर पाडा आणि तोंडं बंद करा सगळ्यांची. तो सुपातली काडतुसं पुसत बसायचा.

त्या दिवशी मात्र तो आपणहून बोलला. म्हणाला, छर्रा आणि बॉल हे सोपं, रायफलीचं अवघड. रायफलीच्या गोळीचे दोन प्रकार. एकीच्या शेंड्याला शिसं उघडं, ती मऊ. जनावरात शिरली की फुलते, आत राहते, पण जिथं शिरते तिथलं मांस पार चेचून टाकते. दुसरी शेंड्यापर्यंत तांब्यानं मढवलेली, ती कडक. सुईसारखी आरपार जाते. मांस चांगलं राहतं, पण पुढं ती कुठं जाईल ते कोणाच्या हातात नाही.

मी सहज विचारलं, सांबराला कुठली घालायची हो?

त्याच वेळी भागीबाई पाण्याचा हंडा घेऊन अंगणात आली. नवसूबाबा उठला, सूप आत घेऊन गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी आपला वाट बघून निघालो.

भागीबाईबद्दल सांगायलाच हवं. सत्तरीची, सुकलेली, पण आवाज खणखणीत. रोज सकाळी अंगण झाडताना ती एका माणसाला शिव्या द्यायची. तो माणूस म्हणजे मुंबईचा एक साहेब. शिकारीला बंदी यायच्या आधी तो इकडे यायचा, आणि रानात नवसूबाबा त्याच्याबरोबर असायचा. त्याच्या रायफलीची गोळी लागून तिचा नवरा लखमा मेला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि पोटात मूल होतं. अपघात म्हणून पंचनामा झाला, साहेब मुंबईला गेला, परत कधी आला नाही. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन नाशिककडे गेली. पण शिव्या थांबल्या नाहीत. तुझ्या हाताला किडे पडोत, तुझ्या पोराला घास न मिळो, असं केर काढता काढता, कोंबड्या हाकल्यासारखं ती बोलत राहायची. पाड्याला त्याची सवय झाली होती. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं, हे कबूल करतो. नवसूबाबा तेवढा वेळ ओट्यावर बसून असायचा, मान वर करायचा नाही. मला वाटायचं, रोजचंच म्हणून कान बंद केलेत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर जव्हारला माझ्या दारात एक गाडी थांबली. साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, सौम्य बोलणारा माणूस. जुन्या शिकारी आणि बंदुकांची माहिती असलेला माणूस म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. सगळे पर्यटक बघतात ते शिरपामाळ बघून आला होता, पण त्याचं काम वेगळं होतं. माझे वडील इकडे शिकारीला यायचे, म्हणाला, त्यांच्या हातून एक माणूस गेला. त्याच्या घरचं कोणी असेल तर भेटायचंय. भागीबाई रोज सकाळी ज्याच्या तोंडचा घास काढून घ्यायची तोच पोरगा माझ्या खुर्चीवर बसून चहा पीत होता.

नेऊ नये, एवढी साधी अक्कल मला असायला हवी होती. पण मी पडलो पुढे-पुढे करणारा. गाडीत बसलो आणि घेऊन गेलो.

भागीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्यानं चपला अंगणाबाहेर काढल्या, हात जोडले आणि आपण कोणाचे कोण ते सांगितलं. ती उठली. सुपातले तांदूळ सांडले, तिनं बघितलंही नाही. रोजच्या शिव्या ती त्याच्या तोंडावर देऊ लागली, पण रोजच्यासारख्या नाही, एकेक शब्द थांबून-थांबून. मग थुंकली. थुंकी त्याच्या सदऱ्यावर पडली. तो जोडलेले हात तसेच धरून उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवसूबाबा आपल्या ओट्याच्या खांबाला धरून हे सगळं बघत होता.

परतताना तो माणूस त्याच्यापाशी थांबला. मी ओळख करून दिली की हे बाईंचे भाऊ, त्या दिवशी तुमच्या वडिलांबरोबर होते. तो म्हणाला, "वडिलांनी नंतर रायफलीला हात लावला नाही. शेवटी भ्रम झाला होता त्यांना, पण एकच विचारत राहायचे. मी मऊ शेंड्याची गोळी घातली होती, ती पार कशी गेली? आम्ही काय सांगणार?"

खांबावरचा नवसूबाबाचा हात खाली-खाली सरकत गेला आणि तो ओट्यावर बसला. म्हातारा माणूस, उभं राहून दमला असेल, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला, भाऊसाहेबला ये म्हणावं. आजवर त्यानं मला कधी बोलावलं नव्हतं. गेलो. तो मला घराशी बसूच देईना. टळटळीत दुपारी पाड्याबाहेर, उताराच्या कडेला एका मोहाखाली घेऊन गेला. समोर करवंदीच्या जाळ्या, त्यांच्या पलीकडे ओहळ. त्यानं हातानं दाखवलं, इथं साहेब बसला होता, इथं मी, आणि सांबर तिथनं आलं. आणि मग सगळं सांगितलं. एवढा सलग बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

साहेब शिस्तीचा होता. जनावर उठवायला रानात हाका देणारी माणसं असली की फक्त मऊ शेंड्याची गोळी वापरायचा, कारण ती जनावरातच राहते. कडक गोळ्या रानगव्यासाठीच्या, इकडे त्यांचं काम नव्हतं, पण पट्ट्याच्या डाव्या कप्प्यात असायच्या. पट्टा नवसूच्या खांद्याला. साहेब रायफल रिकामी घेऊन चालायचा, बसल्यावर नजर झाडीत ठेवून हात मागे करायचा आणि म्हणायचा, मऊ दे. नवसूनं हातात ठेवायची. साहेब न बघता आत सारायचा, एवढा विश्वास.

त्याच्या महिनाभर आधी साहेबानं असंच एक सांबर पाडलं होतं. भागीच्या वाट्याला फऱ्याचं, खांद्याकडचं मांस आलं, पण गोळी तिथंच फुटली होती. नुसता रक्ताचा चिखल आणि हाडाच्या किरच्या. भागीला दिवस गेलेले, तोंडाला दुसरं काही लागत नव्हतं. ते मांस तिनं टाकून दिलं आणि चुलीपुढं बसून रडली. भावाला म्हणाली, दादा, या वेळी तरी चांगलं, आख्खं मांस आण.

"म्हणून मी डाव्या कप्प्यातली दिली," नवसूबाबा म्हणाला. "साहेबनं मऊ मागितली. मी कडक दिली. मांस चांगलं राहील म्हणून."

आणि लखमा? हाक्याची माणसं ओहळाच्या मागंच थांबायची, असं ठरलेलं होतं. पण पाड्याची जुनी रीत अशी की पडलेल्या जनावराला जो पहिला हात लावेल त्याला एक फरा जास्तीचा. लखमा बायकोसाठी रांग सोडून पुढे आला होता, करवंदीच्या जाळीत दबून बसला होता. साहेबानं एकच बार काढला. सांबर जागेवर पडलं. सगळे ओरडत सांबराकडे पळाले. पहिला हात लावायला लखमा कसा आला नाही, म्हणून शोधताना नवसूनंच जाळी बाजूला केली.

माझ्या डोळ्यांपुढे कचेरीतली खिडकी आली, टपरी, भिंत, आणि मी फिदीफिदी हसतोय.

मी म्हटलं, बाबा, हे कोणालाच माहीत नाही? नाही, म्हणाला. साहेबाला सांगायला त्याच दिवशी तोंड उघडलं होतं. पण साहेबाला सांगितलं तर भागीला कळणार, कडक का दिली ते ती विचारणार. "का विचारलं तर मी काय सांगू? तू आख्खं मांस मागितलं म्हणून? पोटात पोर होतं तिच्या, भाऊसाहेब. ती विहिरीत गेली असती." मग पोर झालं, तेव्हा पोराकडे बघून गप्प बसला. मग सवयच झाली. ती साहेबाला शिव्या द्यायची आणि हा ऐकायचा. साहेब लांब आहे, त्याला ऐकू जात नाही, असं मनाला समजावायचा. पण तो माणूस अंगणात हात जोडून उभा राहिला आणि थुंकी अंगावर घेऊन गेला, तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता.

त्यानं मला साहेबाच्या मुलाला फोन लावायला सांगितलं. मोहाखाली रेंज येत नव्हती म्हणून आम्ही वरच्या खडकावर गेलो. त्या माणसाला तो एवढंच म्हणाला, तुझ्या बापानं मऊच मागितली होती, मीच कडक दिली, तुझ्या बापाची चूक नाय. पलीकडे तो माणूस रडत असल्याचं कळलं. नवसूबाबानं फोन माझ्या हातात दिला आणि खडकावर बसून राहिला.

आता भागीला सांगायचं, म्हणाला, आणि तू बरोबर बस. मी नको-नको म्हटलं. या वयात कशाला, बाई मोडून पडेल, असं बरंच काही बोललो. खरं सांगायचं तर मलाच तिथून पळून जायचं होतं. पण त्यानं माझं मनगट धरलं होतं.

भागीबाई आम्हा दोघांना बघून ओट्यावर सरकली. त्यानं तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली. इकडचं-तिकडचं काही नाही, थेट सांगून टाकलं. साहेबनं मऊ मागितली होती, मी कडक दिली, म्हणून ती सांबरातनं पार गेली आणि लखमाला लागली. साहेबचा दोष नाय, बाय. माझा.

काडतुसांतलं तिला काय कळणार, असं मला वाटत होतं. पण पन्नास वर्षं या माणसाच्या अंगणापलीकडे राहिलेली बाई ती. मऊ काय आणि कडक काय हे तिला पक्कं माहीत होतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"का दिलीस?" तिनं विचारलं.

तो आता खरं सांगणार आणि ही म्हातारी माझ्या डोळ्यांदेखत संपणार, असं मला वाटलं. मी ओट्याची कडा घट्ट धरून बसलो होतो.

"ध्यान नव्हतं," तो म्हणाला. "हात चुकून डाव्या कप्प्यात गेला."

ज्या माणसाचं, रिकामी नळी कचेरीच्या पायरीशी पुन्हा तपासून झाल्याशिवाय पाऊल आत पडायचं नाही, त्यानं ध्यान नव्हतं म्हणावं! ती त्याच्याकडे बघत राहिली. तुझा हात चुकला? असं तिनं दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा हो म्हणाला. मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दिवशी त्याची भाकरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवस त्यानं स्वतः काहीतरी उकडून खाल्लं, असं मला मागाहून पाड्यावरच्या लोकांनी सांगितलं.

मला त्यानं बजावलं होतं की मांसाचं तुझ्या पोटातच ठेव. मी ठेवलं. पण माझा चडफडाट होत होता. एवढं सांगायचंच होतं तर पूर्ण सांगायचं, अर्धं कशाला? निम्मा दोष त्या रीतीचा, थोडा लखमाचा, थोडा त्या पोरीच्या डोहाळ्यांचा. सगळाच्या सगळा हा एकटा का घेऊन बसला? पुढच्या खेपेला हे त्याला तोंडावर बोलायचं असं ठरवूनच मी गेलो.

ती माझी शेवटची खेप ठरली. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

सकाळी पहिल्या एसटीनं पोचलो. भागीबाई अंगण झाडत होती आणि तोंड चालू होतं. मी कुंपणाशी थबकलो. शिव्या त्याच होत्या, हाताला किडे, तोंडचा घास, सगळं तेच. नाव तेवढं बदललं होतं. ती सख्ख्या भावाला, नाव घेऊन, शिव्या देत होती. तो ओट्यावर बसला होता, मान खाली नव्हती, तिच्याकडे बघत ऐकत होता. माझा संताप झाला. मी तिच्याकडे निघालो, सगळं सांगून टाकायला. दोन पावलं गेलो असेन, त्यानं ओट्यावरून उतरून मला धरलं. ऐंशीला आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"बस खाली," तो हळूच म्हणाला. "साहेब लांब होता. तिचं ऐकायला कोणी नव्हतं. आथा मी हाय."

मी बसलो. झाडून झाल्यावर ती घरात गेली, ताटलीत भाकरी आणि चटणी घेऊन आली आणि त्याच्यापुढं आदळली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तो भाकरीचा तुकडा मोडेपर्यंत ती समोर उभी होती.

"का दिलीस रे?" तिनं विचारलं. आवाजात शिवी नव्हती. खरंच विचारत होती.

"ध्यान नव्हतं, बाय," तो म्हणाला आणि घास तोंडात घातला.

ती खराटा उचलून मागच्या अंगणाकडे गेली. हे रोजचं आहे का, असं मी त्याला विचारलं. रोज विचारते, म्हणाला.